चौदा नंबरचा हेडफोन

आमच्या शाळेत मुलं तिला हेडफोनबाई म्हणायची. वर्षातून तीनदा ती यायची. दोन हातांत दोन काळ्या पेट्या आणि खांद्याला कापडी पिशवी. पेट्यांत चोवीस टॅब्लेट आणि चोवीस हेडफोन. पिशवीत चिकटपट्टी, कात्री, पुसायची फडकी आणि निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही. वाचनालयाची खोली दोन दिवस तिच्या ताब्यात असायची. शिपाई कुलूप काढायच्या आधीच ती दाराशी उभी असायची, आणि शिपाई दर वेळी म्हणायचा, "ताई, तुम्ही घरी झोपता की इथेच पायरीवर?" तीही दर वेळी हसायची, जणू तो विनोद आजच नवा केला आहे.

मी त्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. तिच्या कामाशी माझा संबंध एवढाच, की माझ्या वर्गातली मुलं आठ-आठच्या गटानं तिच्याकडे पाठवायची आणि परत आणायची. पण पुढे जे घडलं त्यात माझाही वाटा होता, म्हणून तिची गोष्ट मी सांगते आहे.

आधी चाचणीचं सांगते. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना अक्षरं, आवाज, शब्द आणि मोजणी किती येते, हे ती चाचणी बघायची. चाचणी यंत्रच घ्यायचं. कानात एक गोड आवाज प्रश्न विचारतो आणि मूल पडद्यावर बोट टेकवतं. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जरा अवघड येतो, चुकलं की जरा सोपा. असं वर-खाली करत वीस-पंचवीस मिनिटांत यंत्र त्या मुलाची पायरी शोधून काढतं. मग आमच्या हातात एक कागद पडतो. त्यावर एक आकडा आणि आकड्याखाली रंगीत पट्टी: हिरवी, पिवळी किंवा लाल. पट्टीवरून वर्गात गट पाडायचे, असा नियम.

हेडफोनबाईचं काम म्हटलं तर सोपं. मुलांना बसवायचं, कानाला हेडफोन लावून द्यायचा, आणि नंतर काहीही बोलायचं नाही. कुणी रडकुंडीला येऊन विचारलं, "बाई, हे काय आहे?" तर एकच वाक्य बोलायची परवानगी होती, "मला सांगता येत नाही, बाळा. तुला वाटेल तिथे बोट ठेव." एका वर्षात हे वाक्य ती किती हजार वेळा म्हणत असेल कोण जाणे. एकदा मला म्हणाली, "घरी मुलीनं विचारलं, भाजीत मीठ किती टाकू? माझ्या तोंडून निघून गेलं, मला सांगता येत नाही, बाळा."

या कामावर येण्याआधी ती एकोणीस वर्षं कापडगिरणीच्या तपासणी खात्यात होती. काचेच्या टेबलाखाली दिवे लावलेले, टेबलावरून कापड सरकत जायचं, आणि सुटलेला धागा, गाठ, डाग दिसला की खडूनं खूण करायची. प्रत्येक ताग्याला तपासणाऱ्याच्या नंबराची चिठ्ठी लागायची. तिचा नंबर सात. माल परत आला की चिठ्ठी बघून सातला बोलावणं यायचं. गिरणी बंद पडली, तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती. नवरा सुतार, पण उंचावर काम करताना पडला आणि कंबर कायमची गेली. मुलगी परिचारिकेचं शिक्षण घेत होती. घरात सासूबाई होत्या, त्यांना ऐकू यायचं बंद झालं होतं, पण ते कबूल करायला त्या तयार नव्हत्या. घर चालायचं ते हिच्या पगारावर. म्हणून या नोकरीचं प्रशिक्षण तिनं डोळ्यांत तेल घालून केलं होतं, आणि गिरणीतली सवय म्हणून कुणी न सांगता ती वही ठेवायला लागली होती. तारीख, शाळा, खुर्चीचा नंबर, मुलाचा हजेरी नंबर, हेडफोनचा नंबर. यातलं शेवटचं यंत्राला माहीत नसायचं. कोणत्या मुलानं कोणता टॅब्लेट वापरला हे त्याच्याकडे असायचं, कानाला काय होतं ते नाही.

"कशाला एवढं लिहिता?" मी एकदा विचारलं.

"सवय," ती म्हणाली. "न लिहिता घरी गेले तर काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. गॅस चालू राहिल्यासारखं."

आता त्या मुलीबद्दल. तिला आम्ही सगळे मुंगी म्हणायचो. वर्गात सगळ्यांत लहान चण, आणि सतत काहीतरी इकडून उचलून तिकडे ठेवण्यात गुंतलेली. आई धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. वडील नव्हते. पहिलीत आली त्या पहिल्याच आठवड्यात मुंगी मधल्या जाळीच्या दरवाजाजवळ उभी राहून भिंतीवरच्या लाल नळकांड्यावरचं काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ गेले, तर "आग... विझ..." असं जोडत होती. मी चाट पडले. पहिल्या आठवड्यात अक्षरं जोडून वाचणारी मुलं वर्षाला एखादीच मिळतात.

महिन्याभरानं चाचणी झाली. मुंगीची पट्टी लाल आली. आवाज ओळखणे: सर्वांत खालची पायरी.

मी तो कागद दोनदा वाचला. मुख्याध्यापकांना जाऊन म्हटलंही, की ही मुलगी वाचते, मी ऐकलंय. ते म्हणाले, "बाई, पाठ केलं असेल घरी. मुलांचं असं फसवं असतं. म्हणून तर चाचणी आहे." मी मान डोलावली. वर्गात पस्तीस मुलं होती आणि माझ्याकडे भांडायला कागद नव्हता, त्यांच्याकडे होता. मुंगी लाल गटात गेली. हिरव्या गटाला गोष्टीची पुस्तकं मिळायची, लाल गटाला चित्रांची कार्डं. एका बाजूला मांजर, एका बाजूला ‘म’.

दुसऱ्या चाचणीत पुन्हा लाल. तिसऱ्या चाचणीत मात्र मुंगीचा आकडा एकदम उसळी मारून वर गेला, थेट हिरव्याच्या काठाला. पण कागदावर यंत्रानंच खाली टीप दिली होती, निकाल अनियमित. शेरा लिहायच्या रकान्यात मी माझ्या हातानं लिहिलं, "अंदाजानं उत्तरं बरोबर आली असावीत." दुसरीत गेल्यावर पहिली चाचणी, लाल. दुसरी चाचणी, लाल. मग मीही म्हणायला लागले, की माझीच काहीतरी चूक झाली असेल. ते नळकांडं मी विसरूनच गेले. आणि खरं सांगायचं तर तोवर मुंगीही ते वाचत नव्हती. मांजराची कार्डं बघून बघून तिला वाचनाचा कंटाळा आला होता.

दुसरीच्या शेवटच्या चाचणीच्या दिवशी मुलं घ्यायला मी वाचनालयात गेले, तर हेडफोनबाई कोपऱ्यातल्या खुर्चीकडे टक लावून बघत होती. तिथे मुंगी बसली होती. टॅब्लेटवर पार वाकून, नाक पडद्याला लागेल इतकी. कानात प्रश्न येत होता आणि मुंगी मान डोलावत होती. हळूच हसून, हो हो म्हटल्यासारखी. मग बोट कुठेतरी टेकवायची.

हेडफोनबाई पुटपुटली, "आमच्या सासूबाई अशाच मान हलवतात."

"म्हणजे?"

"ऐकू आलं नाही की."

चाचणी चालू असताना मध्ये पडायला बंदी होती, आणि तिनं बंदी मोडली नाही. पण मुलं उठल्यावर मला म्हणाली, "जरा थांबाल का?" तिनं मुंगीच्या डोक्यावरून काढलेला हेडफोन हातात घेतला. चौदा नंबर. पेटीत लहान मापाचे हेडफोन दोनच होते, चौदा आणि पंधरा. डोकं लहान असलेल्या मुलांना तेच द्यावे लागायचे, नाहीतर मोठा हेडफोन गळ्यात घसरतो. तिनं तो कानाला लावला, उभ्यानं, आणि सरावाचा प्रश्न चालू केला. ऐकलं. मला दिला. स्वच्छ आवाज होता.

मग ती मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसली. पन्नाशीची बाई, गुडघे छातीशी आले. तिनं मान खाली घातली, मुंगी बसली होती तशीच, आणि पुन्हा प्रश्न चालू केला. मी तिचा चेहरा बघत होते. तिनं दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाका."

मी वाकले. कानात तो गोड आवाज म्हणाला, "...त्रं बघ. ...आप. ...आप. ...आप. ...शाची सुरुवात ...नं होते?"

मान सरळ केली. "साप. माप. ताप. कशाची सुरुवात ‘स’नं होते?"

वायर कानाजवळच्या वळणात आतून तुटली होती. मान वर असली की तारा एकमेकींना टेकायच्या, मान खाली गेली की सुटायच्या, आणि आवाज जरा थांबून पुन्हा सुरू झाला की पहिलं अक्षर गिळलं जायचं. मोठी माणसं हेडफोन तपासतात ती उभ्यानं किंवा ताठ बसून. लहान मुलं वाकून बसतात.

मी मुंगीला बोलावून विचारलं, "तुला नीट ऐकू येत नव्हतं का गं?"

"येत होतं," ती म्हणाली. "ते असंच बोलतं ना."

"मग मला सांगितलं का नाहीस कधी?"

तिनं तोंडावर बोट ठेवलं. परीक्षेत बोलायचं नाही, हे मीच तर शिकवलं होतं.

हेडफोनबाई तोवर वही उघडून बसली होती. एकेक पान उलटत मागे मागे जात होती. चौदा नंबर कुणाकुणाला दिला, ते बोटानं शोधत होती. मुंगीच्या पाच आधीच्या चाचण्यांपैकी चार चौदा नंबरावर झाल्या होत्या. एकदा पंधरा मिळाला होता. तो एकदा म्हणजे तोच अनियमित निकाल, ज्यावर माझा शेरा होता.

ती मागे जात जात एका पानावर थांबली, आणि तिचा चेहरा उतरला. तिनं वही माझ्याकडे सरकवली. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वीची तारीख. दुसऱ्या एका शाळेचं नाव. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, "१४: मूल म्हणालं, बोलताना अडतं. तपासलं, ठीक. चिकटपट्टी लावली. मुलाला नीट बसायला सांगितलं."

"मला एकानं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी त्याला नीट बस म्हटलं."

तिच्या घरी त्या दिवशी काय झालं, ते तिनं मला पुढे कधीतरी सांगितलं. संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी वही घेऊन बसली आणि चौदा नंबरवर बसलेल्या सगळ्या मुलांची यादी काढली. सहा शाळा, त्रेचाळीस मुलं. नवरा पलीकडे पाठीला उशी लावून बसला होता. त्याला सगळं सांगितल्यावर त्यानं यादी वरपासून खालपर्यंत वाचून काढली. मग म्हणाला, "यादी कार्यालयात दे. पण ते जुनं पान फाड. हेडफोन बिघडला, तुला आज कळलं. यात खोटं काय आहे?"

"आज नाही कळलं."

"आजच कळलं. तेव्हा तू तपासलं होतंस ना? ठीक होता ना?"

"उभ्यानं तपासलं होतं."

"मग? सगळे उभ्यानंच तपासतात." तो चिडला होता, पण चिडण्याआड घाबरला होता. "मुलीचं शेवटचं वर्ष आहे. तुझी नोकरी गेली तर मी काय, या कंबरेनं छतावर चढू?"

त्याचं चुकत होतं असं नाही, ती मला म्हणाली. ती उठून कात्री घेऊनही आली होती. पण पान काढायचं तर वहीच्या दुसऱ्या बाजूचंही पान सुटून येतं, आणि त्या पानावर अकरा मुलांची नोंद होती, त्यातली तीन चौदा नंबरची. ती मुलं यादीत आहेत, तर त्यांच्या नोंदीचं पान हवं. "नुसतं उतरवून घेतलं असतं तर चाललं असतं," ती म्हणाली. "हे मला तेव्हाही कळत होतं. पण तेवढ्यात हात थांबला. एकदा थांबला तो थांबलाच."

दुसऱ्या दिवशी ती चाचण्यांच्या पर्यवेक्षकांपुढे वही घेऊन उभी राहिली. हे पर्यवेक्षक माणूस वाईट नव्हते, दमलेले होते. त्यांच्याकडे साठ शाळा होत्या. त्यांनी यादी बघितली आणि म्हणाले, "ताई, पाच हजार मुलांत त्रेचाळीस. हेडफोन बदला, विषय संपला. चार महिन्यांनी पुढची चाचणी आहेच. यंत्र आपोआप दुरुस्त करून घेईल. त्याची खुबीच ती आहे, मूल जसं असेल तसा प्रश्न."

"साहेब, पुढच्या चाचणीत पहिला प्रश्न कुठून सुरू होतो?"

त्यांनी यादीवरून नजर उचलली.

"मागच्या वेळी मूल जिथे संपलं तिथून होतो ना?" ती म्हणाली. "मग ही मुलं तळापासून सुरू करणार. वर चढता चढता थकतात, साहेब. मी बघते ना. पंधराव्या मिनिटाला लहान मूल कुठेही बोट ठेवतं. आणि चार महिने वर्गात ती लालच राहणार."

पर्यवेक्षकांनी वही चाळली. ते जुनं पान त्यांना दिसलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे पान तुम्ही मला दाखवलं नसतं तर मला सोपं गेलं असतं. तुम्हालाही."

"पान आहे, साहेब."

चौकशी बसली. तिला चाचणीच्या कामावरून काढलं, नोकरीवरून नाही. तेवढंही त्या पर्यवेक्षकांनी रदबदली केली म्हणून. मुलांची फेरचाचणी दुसऱ्या कुणाकडून घ्यायची आणि पालकांना पत्रं पाठवायची, असं ठरलं. पत्राचा मसुदा मी बघितला होता. ‘तांत्रिक कारणामुळे’ असे दोन शब्द होते त्यात, आणि बाकी सगळं त्या शब्दांभोवती गुंडाळलेलं होतं.

पत्रं निघायच्या आधीच एका दुपारी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मुंगीच्या आईला मला स्वतः सांगायचंय. ती मला ओळखत नाही. तुम्ही बरोबर येता?"

मला जायचं नव्हतं. गेले.

धुलाईचं दुकान म्हणजे लांबट, कमी उंचीची खोली. एका भिंतीला यंत्रांची घरघर, दुसऱ्या भिंतीला चादरींचे ढीग. मधल्या टेबलावर मुंगीची आई इस्त्री फिरवत होती. वाफेनं तिचे केस कपाळाला चिकटले होते. मला बघून तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "काय केलं तिनं?"

"तिनं काही नाही केलं," हेडफोनबाई म्हणाली, आणि सगळं सांगितलं. तारा कशा तुटल्या होत्या, पहिलं अक्षर कसं जात होतं, आधी एका मुलानं सांगितलं होतं आणि आपण काय उत्तर दिलं. काही राखून ठेवलं नाही. आईची इस्त्री चालूच होती. एक उशीचा अभ्रा झाला, दुसरा झाला, तिसरा. मग ती थांबली.

"म्हणजे माझी पोर मठ्ठ नाही?"

"नाही."

"मी तिला मारलंय," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तो लाल कागद आला की मारलंय. दोनदा. एकदा या हातानं, एकदा हँगरनं. म्हटलं, मी इथे भाजून घेते आणि तू शाळेत जाऊन झोपतेस का."

यंत्रांची घरघर चालू होती. आईनं मग माझ्याकडे बघितलं.

"आणि बाई, तुम्ही? यांच्याकडे ती वर्षाला तीनदा जायची. तुमच्यासमोर रोज होती."

मी काहीतरी बोलले. कागद, नियम, मुख्याध्यापक, असलं काहीतरी. बोलता बोलताच मला माझी लाज वाटायला लागली आणि मी वाक्य अर्धवट सोडलं. त्या नळकांड्याबद्दल मी तिला त्या दिवशी सांगू शकले नाही. पुढे सांगितलं, पण त्याला वर्ष लागलं.

आईनं इस्त्री पुन्हा हातात घेतली. हेडफोनबाईला म्हणाली, "पत्र येणार होतं म्हणता ना? मग तुम्ही कशाला आलात?"

"पत्रात मी नाही," ती म्हणाली.

आईनं पुढचा अभ्रा टेबलावर पसरला. "जा आता," म्हणाली. "मालक येईल." त्यात राग होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही.

फेरचाचणी पंधरा दिवसांनी झाली. नवीन माणूस, नवे हेडफोन. हेडफोनबाईला खोलीत जायची परवानगी नव्हती. ती सुट्टी टाकून आली होती आणि बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मुंगी आत पंचवीस मिनिटं होती. बाहेर आली तेव्हा माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "बाई, आज ते सगळं बोलत होतं."

निकाल आला तो गोष्टीतल्यासारखा नव्हता. आवाज ओळखण्यात मुंगी तीन पायऱ्या वर गेली. शब्द वाचण्यात एकच. ते दीड वर्ष भरून काढायला यंत्राजवळ काही नव्हतं. मोजणीत तर ती होती तिथेच राहिली. बेरजेला हाताची दहा बोटं संपली की ती खरंच अडकायची, त्याचा वायरीशी काही संबंध नव्हता. पट्टी पिवळी आली. आईला कागद दाखवला, तर तिनं तो उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाली, "म्हणजे थोडं तुमचं आणि थोडं तिचं."

"हो," मी म्हटलं.

"मग मोजणीचं काय करायचं ते मला सांगा. इथे अभ्रे मोजायला लावू का?"

तिनं लावलं. मुंगी शाळा सुटल्यावर दुकानात बसून अभ्र्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करायची. मी तिला लाल गटातून काढलं, पुस्तकं दिली, रोज डबा खायच्या सुट्टीत दहा मिनिटं जवळ बसवून वाचून घेतलं. सुरुवातीला ती पुस्तकाला हात लावायची नाही. माझ्या तोंडाकडे बघून मान डोलवायची. ती सवय मोडायला सगळ्यांत जास्त दिवस लागले.

त्रेचाळीस मुलांपैकी छत्तीस सापडली. एकोणीस वर चढली, काही खूप, काही जराशी. बाकीच्यांचा आकडा फारसा हलला नाही. पर्यवेक्षकांनी तिला बोलावून मुद्दाम सांगितलं, "बघा ताई, सगळ्यांचं नुकसान तुम्ही नाही केलंत." तिला त्यानं बरं वाटलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "जरा वाटलं. मग ते सात जण आठवले." सात मुलं शाळा सोडून गेली होती. पत्ते बदलले होते. कार्यालयानं त्यांच्यापुढे ‘संपर्क नाही’ असं लिहून फाइल बंद केली.

तिला भांडारात टाकलं. एका तळघरातल्या खोलीत साठ शाळांचे हेडफोन यायचे, आणि ती ते तपासायची. तिनं एक बुटकी खुर्ची मागून घेतली होती. प्रत्येक हेडफोन कानाला लावून मान खाली, मान वर, डावीकडे, उजवीकडे. तिथले लोक आधी हसायचे. तिच्या मानेचं दुखणं सुरू झालं ते तिथेच. वर्षभरानं त्यांनी तपासणीच्या सूचनांच्या कागदात एक ओळ घातली, की हेडफोन वाकून तपासावा. ती ओळ कुणामुळे आली हे त्यात लिहिलेलं नव्हतं. तिनंही कुणाला सांगितलं नाही. मला पर्यवेक्षकांकडून कळलं.

चाचणीच्या कामावर तिला परत घेतलं नाही. भांडारातूनच ती निवृत्त झाली. मुलगी परिचारिका झाली, सासूबाई गेल्या. नवरा घरात बसून लहान लाकडी खेळणी करतो आता, बरी विकली जातात.

ते सात मात्र तिनं सोडले नाहीत. सुट्टीच्या दिवशी एकेका शाळेत जाऊन विचारायची, अमुक नावाचं मूल इथे आलं का. तिला कुठे आत घ्यायचे, कुठे फाटकावरूनच परत पाठवायचे. तिच्याकडे ना ओळखपत्र राहिलं होतं ना अधिकार. तरी चार सापडली. त्यातल्या एकाच्या शाळेनं तिचं म्हणणं ऐकून मुलाची पुन्हा चाचणी घेतली. दुसऱ्या शाळेनं ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. एक मुलगी इतकी पुढे गेली होती, की तिच्या आईला काय बोलणं चाललंय तेच कळेना. आणि ज्या मुलानं पहिल्यांदा सांगितलं होतं, बोलताना अडतं म्हणून, तो चौथा. तो आता तिच्याहून उंच झाला होता. त्याला ते आठवतच नव्हतं.

"मी त्याला सॉरी म्हटलं," तिनं मला सांगितलं. "तर म्हणतो, कशाबद्दल काकू? मग सांगत बसले. तो बिचारा ऐकत उभा राहिला. बस निघून गेली त्याची."

तीन अजून सापडायची आहेत. नवीन वर्ष सुरू झालं की ती आमच्या शाळेतही येते. या वर्षी आली तेव्हा जिने चढून दमली होती. मी खुर्ची दिली, चहा मागवला. ती तीन नावं मी प्रवेशाच्या यादीत शोधली. नव्हती.

"बरं," ती म्हणाली. चहाचा घोट घेतला. "मुंगी कशी आहे?"

"आठवीत आहे. काल वर्गात भांडली."

"कुणाशी?"

"सरांशी. सर फळ्याकडे तोंड करून बोलत होते. ही उभी राहून म्हणाली, इकडे बघून बोला, मागे काही कळत नाही. सर चिडले. मला बोलावणं आलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सरांना म्हटलं, इकडे बघून बोला."

ती हसली नाही. कप खाली ठेवून पिशवीतून निळी वही काढली, तीन नावांसमोर आजची तारीख आणि आमच्या शाळेचं नाव लिहिलं, आणि विचारलं, "तुमच्या पुढच्या चौकात ती नवी शाळा झालीय, तिथे दुपारी कुणी असतं का?"